निळा प्रकाश, चाळिशी आणि आपली झोप

(गुवाहाटी येथे मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



या व्याख्यानमालेत माझ्या आधी संतवाङ्मयावर आणि मराठ्यांच्या इतिहासावर विद्वान वक्त्यांची भाषणे झाली. त्यांच्यामागून चष्म्यासारख्या क्षुद्र वस्तूवर बोलण्यास उभे राहताना मला संकोच वाटतो. मी नेत्रवैद्य नव्हे, शास्त्रज्ञही नव्हे. कलाशाखेचा साधा पदवीधर आणि तीस वर्षे केंद्र सरकारच्या फायलींवर टिपणे लिहीत आलेला एक अधिकारी, एवढीच माझी ओळख. मूळ कागद पाहिल्यावाचून टिपणाखाली सही करू नये, हा धडा या नोकरीने मला दिला. स्वतःच्या घरात मात्र मी तो विसरलो. त्या विसराळूपणाची हकीगत आणि त्यानंतर वाचून-विचारून जे उमगले ते, एवढेच आज आपणांपुढे मांडणार आहे.

सन २०२३ मध्ये माझी बदली पुण्याहून येथे झाली. कचेरीत कागदी फाइल जवळजवळ नाहीशी झाली आहे. लाल फीत गेली आणि संगणकाचा पडदा आला. दुपारचे चार वाजले की माझे डोळे चुरचुरत, कपाळ ठणके, मान आखडे. घरी धाकट्या चिरंजीवांची वेगळीच तऱ्हा. तो बारावीत. रात्री दीड-दोनपर्यंत मोबाइल हाती, आणि सकाळी हाका मारून मारून त्याच्या आईचा घसा बसे. अशा मनःस्थितीत आम्ही उभयता एका चष्म्याच्या दुकानात गेलो. तेथील विक्रेत्याने एक छोटा दिवा काढला आणि त्याचा निळसर-जांभळा किरण एका कार्डावर पाडला. कार्डाचा रंग पालटला. मग मध्ये आपली ‘ब्लू-कट’ काच धरली, तर कार्डावर काहीच उमटले नाही. “साहेब, हाच किरण दिवसभर आपले डोळे जाळतो आणि रात्री झोप उडवतो,” असे तो म्हणाला. प्रत्यक्षास प्रमाण कशाला? मी एकदम तीन चष्मे करविले.

दोन महिने लोटले. माझी डोकेदुखी होती तेथेच राहिली. चिरंजीवांचे जागरण मात्र वाढले, कारण आता हटकले तर उत्तर तयार होते : “बाबा, चष्मा लावलाय ना!” म्हणजे जो चष्मा झोपेसाठी आणला, तोच जागरणाचा परवाना ठरला. तेव्हा कोठे मला मूळ कागद पाहण्याची बुद्धी झाली.

आपण येथे दोन भिन्न प्रश्न एका काचेत बसवतो. दिवसा पडद्यापुढे डोळे का शिणतात, हा एक. आणि रात्री झोप का दुरावते, हा दुसरा. दोहोंची उत्तरे निराळी आहेत.

प्रथम दिवसाचा प्रश्न घेऊ. संगणकाचा पडदा निळा प्रकाश टाकतो हे खरे. परंतु मोकळ्या आकाशाखाली आपल्या डोळ्यांत जेवढा निळा प्रकाश शिरतो, त्याच्या सुमारे एक सहस्रांशच पडद्यापासून येतो. पडद्याने दृष्टिपटल जळते, याला आधार नाही. सन २०२३ मध्ये ‘कॉक्रेन’ या वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या संस्थेने अशा चष्म्यांवरील १७ चाचण्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध केला. साध्या काचेच्या तुलनेत या काचांनी डोळ्यांचा शीण, निदान अल्पकाळात तरी, कमी होत नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. झोपेविषयी तर निश्चित काही सांगण्याजोगा पुरावाच हाती लागला नाही. अमेरिकेतील नेत्रवैद्यांची अकादमीदेखील संगणकासाठी असा चष्मा घ्या, असे सांगत नाही. ब्रिटनमध्ये एका मोठ्या चष्मेविक्रेत्या कंपनीची याच स्वरूपाची जाहिरात २०१५ मध्ये तेथील जाहिरात-नियामकांनी दिशाभूल करणारी ठरविली होती.

मग दुकानातील तो चमत्कार? त्यातील मेख मला पुष्कळ उशिरा कळली. अशा दिव्याचा किरण बहुधा ४०५ नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे जांभळ्या टोकाचा असतो, आणि तेवढे टोक ही काच खरोखरीच अडवते. परंतु झोपेशी ज्याचा संबंध आहे तो प्रकाश ४८० नॅनोमीटरच्या जवळपासचा, आकाशी निळा. तो त्या पारदर्शक काचेतून बव्हंशी सुखेनैव पार जातो. एकूण निळ्या प्रकाशापैकी अशा काचा सामान्यतः १० ते २५ टक्केच अडवतात. म्हणजे पुढच्या दाराला भले थोरले कुलूप दाखवून विक्रेत्याने मला खूश केले, आणि मागचे दार सताड उघडेच होते.

डोळे शिणतात त्याची खरी कारणे अगदी घरगुती आहेत. आपण एरवी मिनिटाला सुमारे १५ वेळा पापणी लववतो. पडद्याकडे टक लावली की हे प्रमाण पाच-सातवर येते, आणि डोळा कोरडा पडतो. वर पंख्याचा अथवा वातानुकूलन यंत्राचा झोत तोंडावर असेल तर विचारूच नका. दुसरे कारण आपल्या वयाचे. चाळिशी हा शब्द आपल्या भाषेने वयालाही दिला आणि चष्म्यालाही, यात पूर्वजांचे निरीक्षण दिसून येते. पण ती चाळिशी पोथीसाठी होती, हातातल्या कागदासाठी होती.

अखेर मी एका डोळे तपासणाऱ्या तरुणीकडे गेलो. तिने मला पहिलाच प्रश्न विचारला, “काका, तुमचा पडदा डोळ्यांपासून किती अंतरावर आहे?” इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारले नव्हते. दुसऱ्या दिवशी सौभाग्यवतींच्या शिवणाच्या टोपलीतील टेप कचेरीत नेऊन मी मोजले. अंतर भरले २६ इंच. माझ्या बायफोकलचा खालचा भाग होता सुमारे १६ इंचांसाठी. दिवसभर हनुवटी वर करून मी त्या खालच्या तुकड्यातून पडदा वाचत होतो. मान आखडेल नाही तर काय! आजार म्हशीला आणि औषध पखालीला म्हणतात, ते याहून वेगळे नसावे. त्या अंतराचा स्वतंत्र चष्मा केला, पडदा डोळ्यांच्या पातळीच्या किंचित खाली घेतला, खिडकीची तिरीप पडद्यावर येणार नाही असे टेबल फिरवले, आणि दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडे २० सेकंद पाहण्याचा नियम पाळू लागलो. पंधरा दिवसांत कपाळ शांत झाले. त्या चष्म्यात निळा प्रकाश अडवणारे काही नाही.

आता झोपेकडे वळू. येथे प्रकाशाचा संबंध खरा आहे. दृष्टिपटलावर, पाहण्याच्या कामासाठी जे पेशीसमूह आहेत त्यांखेरीज, काही थोड्या पेशी निव्वळ उजेडाची वार्ता मेंदूतील घड्याळाला पोचवण्याचे काम करतात. त्यांचे अस्तित्व २००२ च्या सुमारास निर्विवाद सिद्ध झाले. आकाशी निळ्या प्रकाशाने त्या सर्वाधिक उद्दीपित होतात. डोळ्यांवर निळे पडले की त्या सांगतात, ‘दिवस आहे’. मग मेंदूतील पीनियल ग्रंथी मेलॅटोनिन हे रात्रीचे द्रव्य आवरते घेते. म्हणजे निळा प्रकाश हे विष नव्हे. तो दिवसाचा निरोप्या आहे. तो दिवसा आला पाहिजे आणि रात्री येता कामा नये, एवढेच.

याच विषयातील तज्ज्ञांनी २०२२ मध्ये एकमताने काही मर्यादा सुचविल्या. या घड्याळावर होणाऱ्या परिणामाच्या हिशेबाने मोजलेला प्रकाश दिवसा किमान २५० लक्स असावा, निजण्यापूर्वीचे तीन तास १० लक्सहून अधिक नसावा, आणि निजल्यावर १ लक्सच्या आत असावा. लक्स हे उजेडाचे माप. साध्या मोजमापाने कचेरीत ३०० ते ५०० लक्स असतात, आणि तेथील दिव्यांत निळा अंश कमी असला तर घड्याळाच्या हिशेबाने ते आणखी घटतात. बाहेर झाडाच्या सावलीतदेखील १०,००० च्या घरात असतात. आपण दिवसभर अर्धवट अंधारात बसतो आणि रात्री घरभर पांढरे दिवे लावतो. शरीराला धड दिवसही कळत नाही, धड रात्रही कळत नाही. पन्नाशीनंतर डोळ्यातील भिंग आपोआप पिवळसर होत जाते, म्हणजे निसर्गानेच आम्हांला एक फुकटचा चष्मा लावलेला असतो. तेव्हा वडीलधाऱ्यांना दिवसाच्या उजेडाची गरज अधिकच.

आपल्या या गावी तर ही गोष्ट अधिकच ध्यानात घेण्याजोगी आहे. आपले प्रमाणवेळेचे रेखांश साडेब्याऐंशी. मुंबई आणि गुवाहाटी यांत सुमारे १९ अंशांचे अंतर, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने सव्वा तासाचे. जूनमध्ये येथे साडेचारच्या सुमारास सूर्य उगवतो, आणि डिसेंबरात दुपारी साडेचारला मावळतो. चहाच्या मळ्यांनी हे ओळखून आपले घड्याळ एक तास पुढे ठेवण्याची रीत पाडली. तिला येथे बागान-टाइम म्हणतात. आपण मराठी मंडळी मात्र देहाने ब्रह्मपुत्रेकाठी आणि घड्याळाने मुठेकाठी राहतो. पहाटेचा सूर्य आत येऊ नये म्हणून जाड पडदे लावतो. रात्री साडेदहाला पुण्या-नागपुरात जेवणे आटोपली की मोबाइलवर आई-वडिलांची मुखे दिसतात. मग भाऊ, मग भाचरे. त्या बोलण्याला नको म्हणवत नाही, मलाही नाही. परंतु त्या वेळी येथील सूर्य मावळून कित्येक तास झालेले असतात.

याच ठिकाणी माझ्या चिरंजीवांची गोष्ट पुरी केली पाहिजे. सन २०१५ च्या आरंभी प्रसिद्ध झालेला एक प्रयोग माझ्या वाचनात आला. बारा जणांना निजण्यापूर्वी सुमारे चार तास, काही रात्री प्रकाशमान पडद्यावर आणि काही रात्री छापील पुस्तक वाचावयास दिले. पडद्याने त्यांचे मेलॅटोनिन निम्म्याहून अधिक घटले आणि शरीराचे घड्याळ सुमारे दीड तास मागे पडले. तरी झोप लागण्यास उशीर झाला तो सरासरी दहाच मिनिटांचा! मी विचारात पडलो. उजेडाच्या खात्यावर दहा मिनिटे जमा करता येतील. माझ्या मुलाच्या जागरणाचे उरलेले तास कोणाच्या खात्यावर टाकायचे?

एका रात्री न रागावता त्याच्या शेजारी जाऊन बसलो. थोड्या वेळाने तो म्हणाला, “बाबा, पुण्याचे सगळे मित्र क्लासहून साडेअकराला मोकळे होतात. त्याआधी कोणी भेटत नाही.” बदलीचा हुकूम माझ्या नावे निघाला होता, किंमत तो भरीत होता. ऐन अकरावीत त्याला शाळेतून, गल्लीतून, मित्रांतून उचलून मी येथे आणले, आणि एकदाही ‘तुला करमते का?’ असे विचारले नाही. चष्मा मात्र तत्परतेने आणून दिला. आपणांपैकी अनेकांनी रेल्वेत, तेलशुद्धीकरणात, लष्करात, बँकांत अशीच बिऱ्हाडे हलवली आहेत. मला काय वाटले असेल ते आपणांस सांगावयास नको.

आम्ही काय केले ते थोडक्यात सांगतो. मित्रांची भेट रविवारी दुपारी, हवी तितका वेळ, असे ठरले. रात्री साडेदहानंतर घरातले तिन्ही मोबाइल स्वयंपाकघरातील फडताळावर जातात. माझाही, कारण हुकूम एकतर्फी चालत नाही. संध्याकाळनंतर बसण्याच्या खोलीत एकच पिवळा दिवा लागतो. सकाळी मी आणि तो अर्धा तास नदीच्या बाजूने चालून येतो. तो हल्ली बारानंतर जागा नसतो. आणि चालताना आम्ही बोलतो, हा लाभ कोणत्याही लक्सात मोजता येत नाही.

इतके सांगितल्यावरही ज्यांना चष्मा घ्यायचाच असेल, त्यांच्यासाठी चार गोष्टी. दिवसाच्या कामासाठी निळ्या काचेचे जादा पैसे मोजू नका. पडद्याचे अंतर टेपने मोजून न्या आणि त्या अंतराचा नंबर काढून घ्या. रात्रपाळी, परीक्षा अथवा परदेशस्थ मुलांशी बोलणे यांमुळे रात्री पडदा टळणारच नसेल, तर पारदर्शक काच निरुपयोगी. गडद अंबर रंगाची, नारिंगीकडे झुकणारी काच घ्या. तिची परीक्षा सोपी आहे : तीतून निळी वस्तू काळपट दिसली पाहिजे. निद्रानाशाच्या १४ रुग्णांवर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान प्रयोगात निजण्यापूर्वी दोन तास असा चष्मा लावल्याने झोप सुमारे अर्ध्या तासाने वाढलेली आढळली. प्रयोग लहान आहे, तेव्हा आशाही माफक ठेवावी. हा चष्मा दिवसा लावू नये, आणि तो लावून गाडी तर मुळीच चालवू नये. रंग नीट ओळखू येत नाहीत. आणि निद्रानाश महिनोन्‌महिने टिकला, किंवा घोरताना श्वास अडखळत असेल, तर चष्मेवाल्याकडे न जाता डॉक्टरांकडे जावे.

मित्रहो, पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हे मंडळ स्थापिले, त्यांच्या घरी दिवेलागणीनंतर दूरचा माणूस पत्रातूनच भेटे. आज तो रोज रात्री हातात उजळतो, हे आपले भाग्य आहे. ते मी नाकारीत नाही. परंतु देशातील बहुतेक नातलगांच्या आधी सूर्य आपल्या दारी येतो. उद्या पहाटे त्याला पडद्याआड उभे न करता आत घ्यावे, आणि त्या उजेडात चहाचा पेला घेऊन आपल्याच घरातील माणसाला विचारावे, ‘रात्री झोप लागली ना?’ माझ्या दोन महिन्यांच्या चष्म्याने जे साधले नाही, ते या एका प्रश्नाने साधले.