तारेवरचे किटण



ज्या सरांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते प्रयोग संपल्यावर परीक्षानळ्या आमच्याकडून तीनतीनदा धुऊन घेत. आम्हांला तो जाच वाटे. म्हणून आज मी विश्वोत्पत्तीविषयी न बोलता एका उपकरणाच्या म्हातारपणाविषयी बोलणार आहे.

विद्युत्भारित कण वायूतून जाताना रेणूंतील इलेक्ट्रॉन मोकळे करतो. ते उच्च विद्युत्दाबाच्या बारीक तारेकडे ओढले जातात आणि तारेपाशी एकाचे हजारो होतात. अशा अनेक तारांच्या संकेतांवरून कणाची वाट आखता येते. हा बहुतारी शोधक जॉर्ज शार्पाक यांनी १९६८ साली सर्न येथे सिद्ध केला. १९९२ चे नोबेल पारितोषिक त्यांना त्यासाठीच मिळाले. परंतु संकेत देणारा हा इलेक्ट्रॉनांचा लोंढाच वायूतील हायड्रोकार्बनचे रेणूही फोडतो. त्यांचे तुकडे एकमेकांस जोडले जाऊन तारेवर चिवट थर धरतात. तार जाड होते, तिच्यालगतचे विद्युत्क्षेत्र क्षीण होते, संकेत मंदावतो.

तरुणपणी एका प्रयोगशाळेत मी वायुनळीच्या सांध्याला सिलिकॉनयुक्त ग्रीज लावले होते. अगदी नखभर. गळती थांबली आणि मी स्वतःवर खूश झालो. काही महिन्यांनी संकेत मंदावू लागले. तारा उतरवून पाहतो तो त्यांवर पांढुरके केस उगवल्यासारखे! सिलिकॉन तारेवर असे बसते की सहजी निघत नाही. सगळ्या तारा नव्याने ओवाव्या लागल्या. सहकाऱ्यांचे दीड वर्ष वाया गेले, आणि दोष सर्वस्वी माझा होता.

सर्वच थर मात्र असे हट्टी नसतात. शिकागोजवळच्या फर्मीलॅबमध्ये सीडीएफ प्रयोगातील मोठ्या शोधकात ३०,२४० संकेततारा होत्या. प्रत्येक तार ४० मायक्रॉन जाडीची, सोन्याचा मुलामा दिलेल्या टंगस्टनची. भोवती आरगॉन आणि ईथेन. २००१ साली नवे सत्र सुरू झाले, आणि दोनतीन वर्षांतच तारा म्हाताऱ्या होऊ लागल्या. कणांचा मारा जास्त सोसणाऱ्या आतल्या थरांतील तारा आधी. शोधक यंत्राच्या गाभ्यात बसवलेला. तारा बदलणे म्हणजे प्रयोगच थांबवणे. तेथील मंडळींनी वायूचा प्रवाह वाढवला आणि २००४ साली त्यात दहा लाखांत सुमारे शंभर भाग प्राणवायू मिसळला. हे धाडसच होते. प्राणवायू इलेक्ट्रॉन गिळतो, म्हणून एरवी तो शोधकाबाहेर ठेवण्यासाठीच आमची सारी धडपड असते. पण त्या अत्यल्प मात्रेने तारांवरचे किटण उतरले, संकेत पूर्ववत झाले, आणि ३० सप्टेंबर २०११ रोजी सत्र संपेपर्यंत त्याच तारा कामी आल्या.

माझ्या त्या बिघडलेल्या तारेचा एक तुकडा मी काचेच्या नळीत घालून आणला आहे. सरांचा पितळी सूक्ष्मदर्शक प्रयोगशाळेत अजून आहे, असे कळले. व्याख्यान संपल्यावर ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी यावे; मात्र तार उघड्या बोटांनी हाताळू नये.