ओठांचं ऑपरेशन : आधी काय विचाराल?

(मंडळाच्या आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'आयटी कन्सल्टंट' आणि विषय 'ओठ लहान करण्याची शस्त्रक्रिया' हे वाचून काहींना छपाईची चूक वाटली असेल. चूक नाहीये. हे ऑपरेशन मी स्वतः करून घेतलंय. मी डॉक्टर नाही, तेव्हा औषधपाण्याचा सल्ला देणार नाही. ठरवण्याआधी काय विचारून घ्यावं, तेवढं सांगतो. आपल्या घरांमधून याबद्दल कोणी बोलत नाही. "हिचे ओठ जरा जाडेच आहेत हं" हे मात्र पोरगी बालवाडीत असल्यापासून पाहुणेसुद्धा बोलतात.

पहिला प्रश्न : दोष खरंच ओठांचा आहे का? मी ज्या पहिल्या क्लिनिकमध्ये गेलो, तिथे पंधरा मिनिटांत तारीख द्यायला तयार होते. दुसऱ्या सर्जनबाईंनी मला बाजूने पाहिलं, दात मिटायला लावले आणि आधी ऑर्थोडॉन्टिस्टकडे पाठवलं. पुढचे दात किंवा जबडाच पुढे असेल तर ओठ नुसते ढकलले जातात. अशा वेळी ओठ कापला तर दात तिथेच राहतात आणि वर तोंड नीट मिटेनासं होतं. माझे दात जागेवर निघाले, म्हणून मामला पुढे सरकला. शिवाय ओठ जन्मापासून जाड असणं वेगळं आणि अलीकडे सुजायला लागणं वेगळं. रक्तदाबाच्या गोळ्यांतला एक गट आहे, लिसिनोप्रिल, रामिप्रिल, एनालाप्रिल वगैरे. त्याने काही जणांचे ओठ आणि जीभ अचानक सुजतात, गोळी वर्षानुवर्षं चालू असली तरी. इथे बसलेल्यांपैकी कितीतरी जण या गोळ्या घेत असतील म्हणून मुद्दाम सांगतोय. अशी सूज आली, श्वासाला त्रास झाला, तर सर्जन शोधत बसू नका, ९११ला फोन करा.

आता प्रत्यक्ष करतात काय? बाहेरचा कोरडा ओठ आणि आतला ओलसर भाग जिथे मिळतात, त्याच्या जरा आत एक लांबट पट्टी आखतात. तेवढी त्वचा आणि तिच्याखालचा थोडा भाग काढून टाके घालतात. व्रण आत राहतो. बहुधा जागेपुरती भूल पुरते. भुलीचं इंजेक्शन दिलं की ओठ फुगतो आणि मापं चुकतात, म्हणून खुणा आधीच, पेशंटला बसवून करून घेतात. टाके आपोआप विरघळतात. ऐकायला सोपं आहे, पण कापलेलं परत जोडता येत नाही. आमच्या धंद्यात बॅकअप असतो, इथे नाही. ओठ मोठे करायला हायलुरॉनिक अ‍ॅसिडचं फिलर भरतात, ते न आवडल्यास दुसरं इंजेक्शन देऊन विरघळवता येतं. इथे जास्त निघालं तर दुरुस्ती अवघड. त्यात वयाबरोबर ओठ आपसूक पातळ होतात. म्हणून सर्जनला "थोडं कमीच काढा" असं सांगायला लाजू नका. दोन बाजू असमान होणं, जंतुसंसर्ग, रक्तस्राव, बधिरपणा हे धोके तर आहेतच.

डॉक्टरांपासून लपवू नये असं बरंच काही असतं. कधी ओठावर तापाचे फोड आले असतील तर जरूर सांगा. ऑपरेशनने ते परत उठू शकतात, म्हणून आधीपासून गोळ्या देतात. अ‍ॅस्पिरिन, फिश ऑइल आणि आईने भारतातून पाठवलेली चूर्णंसुद्धा सांगा. मात्र हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर स्वतःच्या मनाने बंद करू नका. सिगरेट आणि तंबाखूने जखम भरायला वेळ लागतो.

नंतरच्या दिवसांची कल्पना कोणी नीट देत नाही. पहिले दोन-तीन दिवस आरशात बघूच नये. ओठ लहान करायला गेलो आणि दुप्पट घेऊन आलो! कोमट मऊ वरणभात, दहीभात. तिखट आणि गरम बंद. आणि शाळेत शिकलेली औष्ठ्य व्यंजनं आठवा : प, फ, ब, भ, म. दोन्ही ओठ टेकल्याशिवाय यातलं 'म'सुद्धा निघत नाही. "प्रोजेक्ट", "बजेट", "मॅनेजर" म्हणता येईना, म्हणून मी आठवडाभर सगळं ईमेलवर उरकलं. ठळक सूज उतरायला एक-दोन आठवडे जातात, खरा आकार दिसायला काही महिने. तोवर निकाल लावू नका.

पैशांचं म्हणाल तर निव्वळ सौंदर्यासाठी असेल तर विमा देत नाही, आणि सहसा एफएसए-एचएसएचे पैसेही वापरता येत नाहीत. सर्जन, ऑपरेशनची जागा, भूल आणि पुन्हा दुरुस्ती लागली तर तिचा खर्च, सगळं लेखी घ्या. 'कॉस्मेटिक सर्जन' ही पाटी अमेरिकेत प्लास्टिक सर्जरीचं शिक्षण न घेतलेला डॉक्टरही लावू शकतो. 'अमेरिकन बोर्ड ऑफ प्लास्टिक सर्जरी'चं प्रमाणपत्र आहे का ते पाहा, आणि हेच ऑपरेशन किती केलीत ते तोंडावर विचारा. डिसेंबरच्या सुट्टीत पुण्या-मुंबईला करून यायचा विचार असेल, तर तिथे प्लास्टिक सर्जरीतलं एमसीएच किंवा डीएनबी बघा. सुट्टीच्या पहिल्याच आठवड्यात करा, म्हणजे तपासणीला परत जाता येईल. चुलत भावाचं लग्न त्याच ट्रिपमध्ये असेल, तर कृपया नको.

आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अरे, हे ओठ तुझ्या आजोबांचे." माझ्याकडे याला उत्तर नव्हतं, अजूनही नाही. त्याहून अवघड प्रश्न घरातच होता. माझी मुलगी सात वर्षांची आहे आणि तिचे ओठ अगदी माझ्यासारखे, म्हणजे माझ्या जुन्या ओठांसारखे आहेत. तिने विचारलं, "बाबा, तुझे खराब होते का?" मी म्हटलं, नाही, खराब नव्हते, मला वीस वर्षं ते नको होते. तिला किती पटलं, माहीत नाही. तेव्हापासून आमच्या घरात कोणाच्या नाकाओठांवर कोणी बोललं, की आम्ही दोघं नवरा-बायको तिथल्या तिथे अडवतो, मग तो पाहुणा असो की सख्खी आत्या.

सर्जनबाईंनी मला शेवटी एकच विचारलं होतं : "हे कोणाला हवंय?" लग्न जमत नाही म्हणून, सासरचे म्हणतात म्हणून, नवऱ्याला आवडत नाही म्हणून, अशी उत्तरं असतील तर त्या तारीख देत नाहीत. आरशासमोर दिवसाचे तास जात असतील तर आधी समुपदेशकाकडे पाठवतात, कारण तो त्रास ओठ कापून जात नाही. अठराच्या आतल्या मुलामुलींना त्या थांबायला सांगतात, चेहरा अजून वाढत असतो. मी उत्तर द्यायला दोन महिने घेतले. तेवढ्यात त्यांच्याकडून एकदाही आठवणीचा फोन आला नाही, यावरूनच मी त्यांची निवड पक्की केली.

आता प्रश्न विचारा. आधीचे-नंतरचे फोटो फोनमध्ये आहेत, चहाच्या वेळी दाखवीन.