हातोड्याऐवजी पुलर

मोटारीच्या चाकाचा घट्ट बसलेला हब हातोड्याने ठोकून काढल्यास बेअरिंग व आसाचे आटे बिघडतात. पुण्याच्या जुन्या बाजारातील लोखंडातूनही त्यासाठी पुलर घडविता येतो. जाड पोलादी पट्टीला हबच्या बोल्टांच्या अंतराने भोके पाडावीत. मध्यभागी मोठा नट वेल्ड करून त्यात लांब बोल्ट बसवावा. पट्टी हबला बांधून बोल्ट आवळला, की त्याचे टोक आसाला रेटते आणि हब बाहेर सरकतो. मात्र आसाचा नट सैल करून आट्यांवरच ठेवावा; अन्यथा हब झटक्याने सुटून कारागिरास इजा होईल. शाळांच्या कार्यशाळांत विद्यार्थ्यांनी असा पुलर बनविल्यास स्क्रूच्या शक्तीचा धडा त्यांच्या कायम स्मरणात राहील.