लूव्हेनची वाटणी



ग्रंथालयाचा विषय निघाला की वक्ता ज्ञानाची महती गाणार, अशी श्रोत्यांना धास्ती वाटते. मी ती गाणार नाही. बेल्जममधील लूव्हेन विद्यापीठाच्या ग्रंथालयाची हकीकत तेवढी सांगणार आहे. छप्पन्न-सत्तावन्न वर्षांच्या अवधीत हे ग्रंथालय दोनदा जळाले आणि एकदा वाटले गेले. दोन्ही वेळा ते जळाले परक्यांच्या युद्धात. वाटले मात्र घरच्यांनी. यांतले कोणते नुकसान कशा जातीचे, एवढाच आजचा प्रश्न आहे.

विद्यापीठ १४२५ सालचे. इरॅस्मस तेथे राहिला, व्हेसेलियस आणि मर्केटर तेथे शिकले. असे असूनही पहिली दोनशे वर्षे या विद्यापीठाला स्वतःचे ग्रंथालय नव्हते! ज्याच्या त्याच्या कॉलेजात, ज्याच्या त्याच्या घरी पुस्तके. प्राध्यापक हेच चालतेबोलते ग्रंथालय, अशी त्या काळची समजूत दिसते. १६३६ साली कापडवाल्यांच्या जुन्या पेठेच्या इमारतीत ग्रंथालय उभे राहिले, ते मुख्यतः दोन विद्वानांच्या संग्रहांवर. एकाची पुस्तके धर्मशास्त्राची आणि इतिहासाची, दुसऱ्याची वैद्यकाची आणि गणिताची. १७९७ मध्ये फ्रेंचांनी विद्यापीठच बंद केले आणि निवडक ग्रंथ पॅरिस-ब्रसेल्सकडे नेले. त्या काळी हा दरोडाच वाटला असणार. पुढे ध्यानात आले की, नेलेले तेवढे आगीतून वाचले. इतिहासाची थट्टा कधी कधी अशी असते.

आता आग. १९१४ च्या ऑगस्टमध्ये जर्मन फौजा लूव्हेनमध्ये शिरल्या. २५ ऑगस्टच्या संध्याकाळी गावात गोळीबाराचे आवाज झाले, नागरिकांनीच गोळ्या झाडल्या असे सैनिकांनी धरले आणि गाव पेटवून दिले. २४८ नागरिक मारले गेले. ग्रंथालय त्याच रात्री जळाले. सुमारे तीन लाख पुस्तके आणि शेकडो हस्तलिखिते राख झाली. प्रथम माणसे मोजावीत आणि मग पुस्तके, म्हणून मी हा क्रम ठेवला आहे. त्या वेळच्या वर्तमानपत्रांत तो नेहमीच होता असे नाही.

याहून मला अधिक बोचते ते पुढचे. ऑक्टोबर १९१४ मध्ये जर्मनीतल्या ९३ नामवंतांनी सुसंस्कृत जगाला उद्देशून एक पत्रक काढले आणि लूव्हेनमध्ये आपल्या सैन्याने क्रौर्य केले नाही असे ठासून सांगितले. सही करणाऱ्यांत मॅक्स प्लांक होते, राँटजेन होते. ज्यांचा सारा जन्म ग्रंथालयात आणि प्रयोगशाळेत गेला, त्यांनी पुरावा न पाहता सही केली. सैनिकाच्या हातातला पलिता समजतो. ही सही समजायला कठीण जाते.

युद्ध संपले आणि व्हर्सायच्या तहात चक्क एक कलम या ग्रंथालयासाठी घातले गेले. २४७ वे कलम. जळाले त्याच्या संख्येइतकी आणि मोलाइतकी हस्तलिखिते, जुने छापील ग्रंथ, पुस्तके आणि नकाशे जर्मनीने द्यावेत, असा त्याचा आशय. कायद्याच्या भाषेत याहून न्याय्य काय असणार? पण श्रोतेहो, पुस्तकाची भरपाई पुस्तकाने होते, संग्रहाची होत नाही. अमक्या प्राध्यापकाने मरताना दिलेली पोथी, तिच्या समासात त्याच्या शिष्याने केलेली टीप, शेजारच्या ग्रंथात त्या टिपेला दिलेले उत्तर, हे सगळे शंभर-दोनशे वर्षांत एका फळीवर जमते. छापील ग्रंथाची दुसरी प्रत मिळते. हस्तलिखिताला दुसरी प्रत नसते. त्याच्या बदल्यात येते ते दुसरेच हस्तलिखित.

तरी जगाने हात आखडला नाही, हेही सांगितले पाहिजे. मँचेस्टरच्या जॉन रायलँड्स ग्रंथालयाने युद्ध चालू असतानाच, १९१४ अखेरीस, पुस्तके गोळा करायला आरंभ केला आणि पंचावन्न हजारांवर ग्रंथ जमवले. जपानहूनही पुस्तके आली. इमारत अमेरिकेच्या देणगीतून झाली. वास्तुशिल्पकार व्हिटनी वॉरन. पैसे देणाऱ्या अमेरिकन शाळा-कॉलेजांची नावे भिंतींच्या दगडांत कोरली आहेत.

याच वॉरनसाहेबांना दर्शनी कठड्यावर एक लॅटिन वाक्य कोरायचे होते. जर्मनांच्या उन्मादाने पाडले, अमेरिकेच्या देणगीने उभारले, असा त्याचा अर्थ. विद्यापीठाचे प्रमुख लादेझ यांनी नकार दिला. ग्रंथालयाच्या कपाळावर कायमचे वैर कोरायला ते तयार नव्हते. वाद कोर्टापर्यंत गेला, आणि १९२८ च्या उन्हाळ्यात अक्षरे नसलेला साधा कठडा बसवला, तर तोही रागाच्या भरात फोडला गेला. लादेझ यांचे मला बरोबर वाटते. ज्यांची माणसे मेली, त्यांना ते पटले नसेल, तर त्यांनाही मी दोष देणार नाही.

४ जुलै १९२८ ला इमारत उघडली. बारा वर्षांनी, १६ मे १९४० च्या रात्री, लढाईत तीही पेटली. या खेपेस सुमारे नऊ लाख ग्रंथ गेले. जर्मनांनी इंग्रजांकडे बोट दाखवले, इंग्रजांनी जर्मनांकडे. युद्धानंतर वॉरनच्याच आराखड्यावर वास्तू पुन्हा उभी राहिली आणि पुस्तके तिसऱ्यांदा जमू लागली.

आणि आता वाटणी. लूव्हेन हे फ्लेमिश भाषकांच्या मुलखातले गाव. विद्यापीठाचा कारभार मात्र दीर्घकाळ फ्रेंचचा. आपल्याच गावात परक्या भाषेत शिकावे लागते, हे गाऱ्हाणे खोटे नव्हते. मराठी माणसाला ते समजावून सांगायला नको. १९६८ च्या आरंभी विद्यार्थी रस्त्यावर उतरले, सरकार कोसळले आणि एका विद्यापीठाची दोन करण्याचे ठरले. फ्रेंच विभागासाठी पंचवीस-तीस किलोमीटरवर लूव्हँ-ला-नव्ह हे नवे गाव वसवण्यात आले. मग दहा लाखांवर पुस्तकांचे काय करायचे? ज्यांवर कोणा एका बाजूचा उघड हक्क ठरत नव्हता, ती क्रमांकांवरून वाटली गेली: सम क्रमांक एकीकडे, विषम दुसरीकडे.

आपल्याकडे भाऊबंदकीत पितळी भांडी वाटतात, पण तिथेसुद्धा झाकण कोणी एका घरी आणि डबा दुसऱ्या घरी देत नाही. या वाटणीवर जग हसले. मी हसू शकलो नाही. विषय पाहून वाटायचे, तर कोणता विषय कोणाचा हे ठरवताना पुन्हा भांडण. क्रमांकाला भाषा नसते, बाजू नसते. एकमेकांच्या निवडीवर कोणाचाच विश्वास उरला नाही, म्हणूनच आंधळ्या अंकाला पंच नेमावे लागले. आगीने पुस्तके नेली. वाटणीने एकही पुस्तक जळले नाही, पण वाचकाला एका फळीवरून पुढच्या पुस्तकाकडे हात नेता येईना. हे नुकसान कोणत्याही तहाच्या कलमात बसत नाही.

ते भरूनही निघते आहे, पण सावकाश. जुन्या विद्यापीठात प्राध्यापक लॅटिनमध्ये सांगत आणि विद्यार्थी शब्दशः उतरून घेत. त्या वह्या विद्यार्थी घरी नेत, आणि ग्रंथालयाबाहेर राहिल्या त्याच वाचल्या. अलीकडे अशा सोळाव्या ते अठराव्या शतकांतल्या वह्यांची छायाचित्रे संगणकावर एकत्र मांडली आहेत. दोन्ही विद्यापीठांकडच्या वह्या तेथे एका यादीत लागल्या आहेत. काही पानांवर तर्कशास्त्राच्या सूत्रांशेजारी कंटाळलेल्या मुलांनी काढलेली चित्रेही आहेत.