डोंगराच्या पोटांतली रात्र

डोंगरमाथ्यावर तंबू ठोकून रात्र काढण्याची हौस पुष्कळांना असते. परंतु डोंगराच्या पोटांत शिरून, ओस पडलेल्या खाणींत मित्रमंडळीसह मुक्काम करण्याची हौस अंमळ निराळीच म्हटली पाहिजे. ब्रिटनमधील वेल्स देशांत ही हौस भागविण्याची सोय आहे. तेथें ब्लायनाय फेस्टिनिओग नांवाच्या गांवाजवळ कूमोर्थिनची जुनी खाण आहे. ती सोन्याची नव्हे कीं कोळशाची नव्हे, ती पाटीच्या दगडाची. एकोणिसाव्या शतकांत या डोंगरांतून निघालेल्या पातळ फरश्यांनीं देशोदेशींचीं घरें शाकारलीं गेलीं. आतां खाण बंद आहे. पण २०२३ सालापासून तिच्यांत ४१९ मीटर खोलीवर लांकडी खोल्या उभारून प्रवाशांना एक रात्र राहूं देतात.

तेथें जाणाऱ्या मंडळींना वाटाड्याच्या मागोमाग, डोक्यावर शिरस्त्राण व दिवा आणि कमरेला दोराचा पट्टा बांधून, जुन्या कामगारांच्या वाटेनें तासभर खालीं उतरावें लागतें. आंतील हवा उन्हाळा असो वा हिवाळा, सुमारें १० अंशांवर स्थिर असते. दिवे मालवले म्हणजे डोळ्यांत बोट घातलें तरी दिसणार नाहीं असा काळोख पसरतो.

याच प्रदेशांत व अन्यत्रही अनेक खाणी बेवारशी पडलेल्या आहेत, आणि कांहीं उत्साही मित्र वाटाड्यावांचून त्यांत शिरतात. त्यांनीं कांहीं गोष्टी नीट ध्यानांत घ्याव्या. खाणींत भूत नसतें. भय असतें तें हवेचें, पाण्याचें आणि छताचें. दूषित वायु पुष्कळदां दिसत नाहीं कीं त्याला वास येत नाहीं. सखल जागीं तो सांचून राहतो, आणि माणूस भोंवळ येऊन पडल्यावरच त्याचें अस्तित्व कळतें. बुडालेल्या दालनांतील पाणी इतकें निवळ व निश्चल असतें कीं, तें जमीनच वाटावें. जुन्या लांकडी शिड्या व पूल वरून धड दिसले तरी आंतून कुजलेले असतात. मुक्काम म्हटला कीं शेकोटीची आठवण होते. पण भुयारांत विस्तव पेटवणें किंवा बंदिस्त जागीं चूल लावणें म्हणजे मृत्यूला आमंत्रण देणें होय, कारण त्यांतून निघणारा विषारी वायु निजलेल्या माणसाला जागेंही होऊं देत नाहीं. म्हणून मालकाची अनुज्ञा घ्यावी, माहीतगार बरोबर असावा, एकट्यानें पाऊल टाकूं नये, प्रत्येकाजवळ एकाहून अधिक दिवे असावे, आणि परत येण्याची वेळ बाहेरच्या कोणातरी विश्वासू माणसाला सांगून ठेवावी.

एवढी दक्षता एका रात्रीसाठीं! मग ज्यांचा सारा जन्म येथें गेला, त्यांचें काय? मेणबत्तीच्या उजेडांत, मांडीभोंवतीं साखळीचा वेढा घेऊन, उतरत्या कड्यावर लोंबकळत ते दगडाला भोंकें पाडीत. त्या मेणबत्त्याही त्यांना स्वतःच्या पैशानें घ्याव्या लागत. दुपारच्या सुटींत ते आंतल्याच एका खोपटांत जमत. वेल्श भाषेंत या खोपटाला 'काबान' म्हणत. तेथें रीतसर अध्यक्ष निवडून धर्म व राजकारण यांवर वादविवाद होत, गाणीं होत, कवितांच्या चढाओढीही लागत. ज्या काळोखांत आजचा प्रवासी मौज म्हणून निजतो, त्याच काळोखांत चहा पितां पितां त्या लोकांनीं आपली विद्या जोपासली.

त्याच गांवाजवळच्या मानोद डोंगरांतील खाणीची हकीकत तर विचार करावयास लावणारी आहे. दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ सालीं, लंडनच्या नॅशनल गॅलरींतील अमूल्य चित्रें बाँबपासून वांचविण्यासाठीं तेथें नेण्यांत आलीं. खाणीचें तोंड सुरुंगांनीं रुंद केलें, आंत विटांचीं घरें बांधलीं, आणि चित्रांना बाधूं नये म्हणून तेथील हवा सुमारें १७ अंश उष्णतेची व कोरडी राखली. चित्रें सुखरूप राहिलीं, व १९४५ सालीं परत गेलीं. कामगारांच्या श्वासाची अशी काळजी क्वचितच घेतली गेली होती. दगडाची बारीक धूळ त्यांच्या फुप्फुसांत पिढ्यान्‌पिढ्या सांचत गेली. आणि ज्यांचे मालक धंदा मोडून गेले होते, अशा रोग्यांना भरपाई देणारा कायदा व्हावयास १९७९ साल उजाडावें लागलें.

वायव्य वेल्समधील हा सारा प्रदेश २०२१ सालीं जागतिक वारशाच्या यादींत समाविष्ट झाला. त्या वारशाचें दर्शन घेण्यास कोणी मित्रांसह अवश्य जावें, आणि रात्रीं निजण्यापूर्वीं क्षणभर दिवे मालवून स्वस्थ बसावें. पहांटे वर आल्यावर त्यांना सूर्य दिसेल. ऐन हिवाळ्यांत जुना कामगार उजाडण्यापूर्वीं आंत शिरे व अंधार पडल्यावर बाहेर येई. त्याला सूर्य दिसे तो रविवारीं.