यंत्रात अडकलेला कर



पत्रिकेवर विषय आहे ‘विक्रीकर ते जीएसटी’. १९५९चा मुंबई विक्रीकर कायदा, २००५चा व्हॅट, १ जुलै २०१७ला आलेला जीएसटी, हा क्रम तुम्हाला ठाऊकच आहे. माझं सांगणं एवढंच: विकलेल्या मालावर खुशाल कर घ्या, पण माल घडवायच्या साधनांत कर अडकू देऊ नका. तिथे पहिला भरडला जातो तो नवं काही करू पाहणारा.

फ्रान्समध्ये मोरिस लोरे या कर अधिकाऱ्यानं हे ओळखलं. महायुद्धानंतर कारखाने नव्यानं उभे राहत होते आणि यंत्रावर भरलेला कर वजा मिळत नव्हता. १९५४च्या कायद्यानं तो मिळू लागला. व्हॅटचा जन्मच यंत्र मोकळं करण्यासाठी झाला!

आपल्याकडे काय होतं? जकात. एका छोट्या कारखानदाराबरोबर मी टेम्पोत होतो. मागे नव्या पंपाचा नमुना, चाचणीला शेजारच्या शहरात निघालेला. नाका कुठला ते सांगत नाही. कारकून म्हणाला, बिल दाखवा. विकलाच नाही, तर बिल कुठलं? मग किंमत सांगा. अजून बाजारात नाही, तर किंमत कोण ठरवणार? (हशा) तुम्ही हसताय, पण तो माणूस रडकुंडीला आला होता. मागे ट्रकांची रांग, चाचणीची वेळ टळलेली. कायद्याला विक्री समजत होती. प्रयोगासाठी त्यात रकानाच नव्हता.

तसाच केंद्रीय विक्रीकर. कोइमतूरहून सुटा भाग आणला की २ टक्के बुडीत. राज्यात घेतला तर वजावट. मग चांगला भाग सोडून जवळचा घ्यायचा. जीएसटीनं हे दोन्ही अडथळे काढले, हे मी मनापासून मान्य करतो.

पण अर्धंच काम झालं. तीन वर्षं संशोधन, विक्री शून्य, अशी कंपनी घ्या. ५० लाखांचं चाचणी यंत्र, त्यावर १८ टक्के, म्हणजे ९ लाख. वजावट खात्यात दिसते, पण वळती करायला विक्रीच नाही. आणि यंत्रावरच्या कराचा रोख परतावा कायदा देत नाही.

(मागून आवाज: सरकारनं चालायचं कशावर?) रास्त प्रश्न आहे. मी करचुकव्यांची वकिली करत नाही. उद्योग बुडाला तर सरकारचे ९ लाख जातील, कबूल. पण ग्राहकाच्या उपभोगावरचा हा कर. इथे ग्राहकच नाही, मग ते पैसे सरकारचे कसे?

चिठ्ठी आली, दोनच मिनिटं उरली आहेत. डिझेल आणि वीज अजून जीएसटीबाहेर आहेत, त्यांवरचा कर किमतीत मुरतो; ते आज राहू दे. सप्टेंबर २०२५मध्ये अनेक वस्तूंचा दर ५ टक्क्यांवर आला. ग्राहकाला आनंद झाला, मलाही झाला. पण विक्रीवर ५ आणि यंत्रावर १८, म्हणजे अडकणारी रक्कम वाढलीच.

म्हणून मागणी एकच: नव्या उद्योगाला यंत्रावरचा कर ठरावीक मुदतीत रोख परत द्या. जीएसटी परिषदेत आपल्या राज्याचा मंत्री बसतो. तो मतं मागायला येईल, तेव्हा हे त्याला विचारा.