मरणाचे कारण लिहा

आमच्या परंड्यात एखादा तरणा मुलगा अचानक गेला, की गल्लीत एकच उत्तर मिळते, 'ॲटॅक आला.' मातीला आलेली माणसे मान हलवतात आणि घरी जातात. कब्रस्तानात मी हे ऐकले आहे, स्मशानातही ऐकले आहे. पुष्कळदा ते खरे असते. काही वेळा मात्र नशेचे नाव घ्यायचे नाही, एवढेच सगळ्यांनी ठरवलेले असते.

नशा आता मुंबई-पुण्यापुरती राहिलेली नाही. 2025 च्या फेब्रुवारीत आपल्याच जिल्ह्यात तामलवाडीजवळ पोलिसांनी 'एमडी', म्हणजे मेफेड्रोन पकडले आणि तुळजापूरचे प्रकरण राज्यभर गाजले. किती माल सापडला, किती जण धरले, याचा हिशेब ठेवला जातो. किती मुले दगावली, याचा हिशेब कुठे आहे?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात 2022 साली देशभरात अमली पदार्थांच्या अतिसेवनाने 681 मृत्यू नोंदले गेले. त्याच वर्षी अमेरिकेतला आकडा एक लाखाच्या पुढे होता. तिथे नशा जास्त, हे खरेच. पण तिथे मोजणीही आहे. रक्ताची तपासणी होते, द्रव्याचे नाव लिहिले जाते, दर महिन्याला आकडे निघतात. ते नाव कळणे फार महत्त्वाचे. हेरॉइनसारख्या नशेवर नॅलोक्झोन हे औषध वेळेत दिले तर जीव वाचतो. एमडीवर ते चालत नाही.

आपल्याकडे 'हृदयक्रिया बंद पडून' असे लिहून मोकळे होतात. अहो, हृदय तर प्रत्येकाचेच बंद पडते! ते मरण झाले, कारण नव्हे. व्हिसेरा तपासणीचा अहवाल उशिरा येतो. तो आल्यावर मृत्यूच्या नोंदवहीतले कारणही दुरुस्त झाले पाहिजे.

घरचे लोक बेअब्रूला भितात. धाकट्या बहिणीचे लग्न व्हायचे असते. मी त्यांना दोष देत नाही. पण त्यांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या 1969 च्या कायद्यातले 17 वे कलम म्हणते, की मृत्यूच्या दाखल्यावर कारण देता येत नाही. ते नोंदवहीतच राहते.

तेव्हा डॉक्टरांना खरे सांगा. गेलेल्या मुलासाठी आता दुआच करता येते. पण त्याच पुडीतले घेतलेले त्याचे दोस्त अजून जिवंत आहेत.